नाइटविशचा नवा अल्बम जुन्याशी ताडून कसा ऐकावा

‘पहिल्यासारखं नाइटविश राहिलं नाही’ हे वाक्य या मेटल बँडबद्दल मी २००७ पासून ऐकतोय. गायिका बदलली तेव्हा ऐकलं, पुन्हा बदलली तेव्हा ऐकलं, ‘ह्यूमन नेचर’ हा अल्बम आला तेव्हा तर कान किटले. बोलणारा खोटं बोलत असतो असं माझं म्हणणं नाही. पण नेमकं काय राहिलं नाही असं विचारलं की तो पहिली गायिका टार्या हिचं नाव घेतो आणि गप्प बसतो. टार्या २००५ मध्ये बँडबाहेर गेली, हे काय ताडून बघणं झालं? दोन अल्बम समोरासमोर ठेवायचे तर थोडी शिस्त लागते. मी नाटकांना आणि गाण्याच्या कार्यक्रमांना साउंड करतो, त्यामुळे ही शिस्त पोटापाण्यापायी अंगवळणी पडली आहे. तीच इथे मांडतो.

आधी ‘जुनं’ म्हणजे कुठलं ते ठरवा. निम्मी भांडणं इथेच मिटतात. फिनलंडच्या किटे गावात १९९६ मध्ये सुरू झालेला हा बँड. तुओमास होलोपाइनेन कीबोर्ड वाजवतो आणि जवळजवळ सगळं त्यानेच लिहिलेलं आहे. १९९८ चा ‘ओशनबॉर्न’ घ्या. त्यात ऑर्केस्ट्रा म्हणजे तुओमासच्या बोटांखालचा कीबोर्ड, ड्रम सुसाट, गिटार आणि कीबोर्डची जुगलबंदी, आणि वर टार्या तुरुनेनचा थेट ऑपेरातला आवाज. २००४ चा ‘वन्स’ ऐका, सहा वर्षांत केवढं बदललंय! खरा ऑर्केस्ट्रा आला (तो पहिल्यांदा आला २००२ च्या ‘सेंच्युरी चाइल्ड’मध्ये, योएन्सू शहराचा), रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून) जड आणि सरळ झाले, मार्को हिएतालाचा खरखरीत आवाज जोडीला आला. आणि टार्या स्वतःसुद्धा ‘नेमो’सारख्या गाण्यात ऑपेरा बराच आवरून गाते. ‘ओशनबॉर्न’वाले तेव्हाही ‘पहिलं राहिलं नाही’ म्हणतच होते. तेव्हा तुमचं जुनं ‘ओशनबॉर्न’मधल्या ‘स्टारगेझर्स’चं आहे की ‘नेमो’चं, हे कागदावर लिहून टाका. दोन्हींची एकत्र मोट बांधून नव्या अल्बमसमोर उभी केली तर कुठलाच अल्बम जिंकणार नाही.

या लेखापुरती मी जोडी घेतो ‘वन्स’ आणि २०२० च्या ‘ह्यूमन नेचर’ची. (नावाच्या मधोमध स्वरलिपीतलं पुनरावृत्तीचं चिन्ह आहे, ते इथे छापायच्या भानगडीत पडत नाही.) जोडी का बरी, तर दोन्हीकडे बराच मालमसाला तोच आहे. संगीतकार तोच, गिटारवर एम्पु वुओरिनेन, बासवर मार्को. ऑर्केस्ट्रा दोन्ही वेळा लंडनमधला, त्याची मांडणी दोन्ही वेळा पिप विल्यम्सची. हा गृहस्थ एके काळी स्टेटस को आणि मूडी ब्लूजचे रेकॉर्ड करायचा, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं. मिक्सिंगला दोन्हीकडे मिक्को कारमिला. बदललं काय, तर गायिका टार्याच्या जागी फ्लोर यान्सेन, ड्रमवर युक्का नेवालाइनेनच्या जागी काई हाहतो, आणि पाइप्स-बासऱ्या वाजवणारा ट्रॉय डॉनोक्ली आता बँडचा कायमचा माणूस. एवढं सगळं सारखं असताना जो फरक ऐकू येईल तो मुख्यतः लिहिण्यातला फरक आहे असं धरायला जागा मिळते. हा या जोडीचा सगळ्यात मोठा फायदा.

आता लेव्हल, म्हणजे आवाज किती मोठा ते. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण याच्याकडे कुणीच बघत नाही.

दोन आवाजांत जो किंचित मोठा असतो तो कानाला चांगला वाटतो. नुसता मोठा म्हणून कळत नाही. भरदार वाटतो, स्वच्छ वाटतो, गाणारा जास्त जीव ओतून गातोय असं वाटतं. एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरकही पुरतो. शिवाय आवाज वाढवला की खालचा ठोका आणि वरची झांज आपल्या कानाला प्रमाणाबाहेर जास्त ऐकू येतात. तालमीत मी एखाद्या नटाचा फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) केसभर वर सरकवला की दिग्दर्शक म्हणतो, ‘आज लागला बघ याचा सूर.’ सूर तोच असतो. त्यामुळे जुनी एमपीथ्री एका व्हॉल्यूमला आणि नवा अल्बम दुसऱ्याला, असं ऐकून दिलेला निकाल मी मोजतच नाही.

सोपा उपाय असा. स्पॉटिफाय वापरत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ नॉर्मलायझेशन चालू करा. मग ज्या गाण्यांची तुलना करायची ती एका प्लेलिस्टमध्ये आलटूनपालटून लावा: एक जुनं, एक नवं. अख्खा अल्बम सलग लावला तर अॅप अल्बममधल्या गाण्यांची आपापसातली उंची-खोली तशीच ठेवतं. प्लेलिस्टमध्ये मात्र प्रत्येक गाणं सुटं मोजून एका पातळीला आणतं. आपल्याला तेच हवंय. इक्वलायझर बंद. हेडफोनच्या अॅपमध्ये ‘बास बूस्ट’ असेल तर तोही बंद, आणि तो असतोच. एकच हेडफोन, एकच खोली, शक्यतो एकाच बैठकीत. ‘वन्स’ची मूळ आवृत्ती आणि नंतरची रीमास्टर अशा दोन्ही मिळतात, कुठली लावली ते लिहून ठेवा आणि अधेमधे बदलू नका. फोनच्या स्पीकरवर हे काम करू नका. तिथे ऑर्केस्ट्राची चेलो आणि डबल बास ही खर्जातली वाद्यं उरतच नाहीत, आणि सगळा वाद ऑर्केस्ट्राचाच आहे.

अॅप नसेल, सीडी असेल, तर कानाने जुळवा. दोन्ही गाण्यांतली अशी जागा शोधा जिथे पूर्ण बँड वाजतोय आणि गायिका गातेय. स्नेअर ड्रमचा फटका दोन्हीकडे सारखाच बसेपर्यंत मोठं वाजणारं गाणं खाली आणा. लहान वाजणारं वर नेऊ नका, खाली आणणंच सोपं जातं.

अल्बमशी अल्बम भिडवू नका, गाण्याशी गाणं भिडवा. आणि जोडी लावताना दोन्ही गाण्यांचं काम एकच असलं पाहिजे. दार उघडणारं गाणं दार उघडणाऱ्या गाण्यासमोर, लांबलचक गाणं लांबलचक गाण्यासमोर. ‘नेमो’समोर ‘ह्यूमन नेचर’मधलं ‘ट्रायबल’ ठेवून काय मिळणार?

पहिली जोडी: ‘डार्क चेस्ट ऑफ वंडर्स’ आणि ‘म्युझिक’. दोन्ही आपापल्या अल्बमचं पहिलं गाणं. ‘डार्क चेस्ट’ साडेचार मिनिटांचं. सुरू होतं ते तलवार उपसूनच. गिटार, कोरस, ऑर्केस्ट्रा सगळे एकदम अंगावर येतात आणि कोण मुख्य, कोण साथीला, असा प्रश्नच पडत नाही. रिफ मुख्य. बाकीचे त्याच रिफला सोन्याचं पाणी देतात. ‘म्युझिक’ सात मिनिटांच्या वर जातं आणि त्यातला सुरुवातीचा मोठा तुकडा गाणंच नाही: आवाज, ठोके, कुठून तरी सूर सापडल्यासारखा होणं. माणसाला संगीत कसं सुचलं असेल ते दाखवायचा खटाटोप. फ्लोर येते तीही दबकत. पहिल्या खेपेला मला ही प्रस्तावना लांबली असं वाटलं, आजही वाटतं. पण जोडीने ऐकल्यावर एक गोष्ट लख्ख दिसते. २००४ चा तुओमास श्रोत्याला पहिल्या सेकंदाला धरतो. २०२० चा तुओमास श्रोता थांबेल असं गृहीत धरतो. हा फरक पसंत-नापसंत करता येईल, पण तो गायिकेमुळे पडलेला नाही.

आता यंत्रणा अशी. एकेक गाणं चारदा ऐका, दरवेळी एकच गोष्ट. पहिल्यांदा फक्त गिटार. दुसऱ्यांदा फक्त ऑर्केस्ट्रा आणि कोरस. तिसऱ्यांदा गळे. चौथ्यांदा ड्रम. कागदावर चार रकाने पाडा आणि गाण्याच्या मिनिट-सेकंदासह लिहा: चाल आत्ता कुणाकडे आहे? ‘छान’, ‘भारी’ असले शब्द लिहायचे नाहीत. ‘२:१० चाल व्हायोलिनकडे, गिटार एकाच सुरावर’ असं लिहायचं. कंटाळवाणं आहे, कबूल. ताळेबंदही कंटाळवाणाच असतो, पण पैसा कुठे गेला ते त्यातच कळतं.

गिटारचा रकाना भरताना माझा भाचा शेजारी बसला होता. पुण्यात कॉलेजच्या बँडमध्ये वाजवतो. ‘वन्स’ची गाणी झाली, ‘ह्यूमन’ची सुरू झाली आणि दुसऱ्याच गाण्याला तो म्हणाला, ‘मामा, गिटार गेली कुठं?’

गेली नव्हती. ‘नॉइज’ पुन्हा लावलं आणि त्याला फक्त डावा-उजवा कडेचा आवाज ऐकायला सांगितलं. दोन्ही बाजूंना भिंतीसारखी गिटार उभी आहे. पण ती भिंतच आहे. तिच्यात खिडकी नाही. ‘वन्स’मध्ये एम्पुचा रिफ तोंडाने गुणगुणता येतो, ‘ओशनबॉर्न’मध्ये तर त्याचे सोलो येतात आणि कीबोर्ड त्याला उत्तर देतो. ‘ह्यूमन’मध्ये बऱ्याच ठिकाणी तो ठोका भरदार करण्याच्या कामाला लावलाय. चाल ऑर्केस्ट्राकडे गेली, कोरसकडे गेली, ट्रॉयच्या पाइप्सकडे गेली. भाच्याची तक्रार आवाजाच्या लेव्हलची होती. माझ्या मते ती लेव्हलची नाहीच. फेडर कितीही वर नेला तरी वाजवायलाच जे कमी दिलंय ते कसं वाढणार? एम्पुवर अन्याय झालाय असं मला वाटतं, आणि हे मी फ्लोरचा चाहता असूनही म्हणतो.

ज्यांना गळा काढून टाकून तपासायचं आहे त्यांची बँडनेच सोय केली आहे. ‘डार्क पॅशन प्ले’ आणि ‘इमॅजिनेरम’च्या खास आवृत्त्यांत अख्खा अल्बम गाण्याशिवाय मिळतो. मधल्या काळातल्या या दोन अल्बमांवर, म्हणजे टार्यानंतरची गायिका अनेट ओल्झोन हिच्या काळावर, लोक फार घाईने फुली मारतात. गळा वगळून ऐकलं की ‘वन्स’पासून ‘ह्यूमन’पर्यंतची वाट तिथूनच गेलीय हे कळतं.

दुसरी जोडी, आणि माझ्या मते सगळ्यात फळ देणारी: ‘घोस्ट लव्ह स्कोअर’ आणि ‘शूमेकर’.

‘घोस्ट लव्ह स्कोअर’ दहा मिनिटांचं. मध्यावर बँड बाजूला होतो आणि ऑर्केस्ट्रा एकटा पुढे येतो. हळू सुरू होतो, थर चढत जातात, कोरस येतो, मग गिटार परत येते. त्या क्षणी अंगावर काटा येतो तो नुसत्या मोठ्या आवाजाने येत नाही. गिटार तेवढा वेळ गप्प होती म्हणून येतो. ही जागा नीट ऐका, तिची वेळ लिहून ठेवा, कारण जुन्या नाइटविशची सगळी युक्ती इथे उघडी आहे: बँड आणि ऑर्केस्ट्रा आळीपाळीने बोलतात.

‘शूमेकर’ सव्वापाच मिनिटांचं, निम्म्याच लांबीचं. विषय युजीन शूमेकर, तोच भूवैज्ञानिक ज्याचं नाव १९९४ मध्ये गुरूवर आदळलेल्या धूमकेतूला आहे. त्याच्या अस्थी ‘लुनार प्रॉस्पेक्टर’ यानाबरोबर १९९९ मध्ये चंद्रावर गेल्या. गाण्याचा पहिला भाग कोरडा, तुटक, जवळपास बोलल्यासारखा. मग संगीत ओसरतं आणि ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधल्या ओळी नुसत्या बोलल्या जातात. आणि नंतर फ्लोर ऑपेराच्या गळ्याने वर जाते. जातच राहते. शब्दांचा भार उतरलेला असतो, कोरस आणि ऑर्केस्ट्रा खालून उचलत असतात. इथे बँड आणि ऑर्केस्ट्रा आळीपाळीने बोलत नाहीत, दोघे मिळून एका गळ्यासाठी पाट मांडतात. संपूर्ण ‘ह्यूमन’मध्ये हा एक तुकडा असा आहे की मी ‘वन्स’च्या कुठल्याही तुकड्याला उत्तर म्हणून बिनधास्त पुढे करेन. फक्त तो लवकर संपतो. २००४ चा तुओमास असता तर त्याने याचे दहा मिनिट केले असते, आणि त्या वेळी तसं करणं बरोबर ठरलं असतं.

गळ्याच्या रकान्यात भांडण होणारच, तेव्हा तिथे एक पूल वापरा. २०१३ मध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात फ्लोरने ‘घोस्ट लव्ह स्कोअर’ गायलं, ते ध्वनिचित्रमुद्रण अधिकृत आहे. एकच गाणं, एकच चाल, दोन गळे. आधी अल्बममधली टार्या, लगेच फ्लोर. टार्या शास्त्रशुद्ध ऑपेरा शिकलेली. तिचा आवाज ऑर्केस्ट्राच्या वर तरंगतो, प्रत्येक सूर गोल, आणि शब्द कधी कधी त्या गोलाईत विरघळतात. फ्लोर ‘आफ्टर फॉरेव्हर’ या बँडमधून आलेली, ती छातीतून लावते, शब्द चावून म्हणते, आणि हवा तेव्हाच ऑपेराचा दरवाजा उघडते. शेवटाकडे ती मूळ चाल सोडून वर जाते ती जागा तर आता तिच्याच नावावर झाली आहे. हे एक गाणं दोघींकडून ऐकलं की गळ्याचा फरक किती आणि चालीचा फरक किती हे वेगळं काढता येतं. मग ‘ह्यूमन’कडे परत या. तिथे फ्लोरला वाकेनसारखं मोकळं रान फार कमी वेळा मिळालंय. ‘हार्वेस्ट’ मुख्यतः ट्रॉयच्या गळ्यात आहे. ‘एंडलेसनेस’ मार्कोकडे, आणि अख्ख्या अल्बममध्ये मार्को मुख्य गायक म्हणून तेवढाच. ‘वन्स’मधल्या ‘प्लॅनेट हेल’मध्ये टार्या-मार्कोची जी झटापट होती तिला इथे जोड नाही, तिघे मिळून एका सुरात गातात, फार गोड गातात, पण कुणी कुणाच्या अंगावर धावून जात नाही. २०२१ च्या जानेवारीत मार्कोने बँड सोडला.

‘वन्स’मधलं ‘क्रीक मेरीज ब्लड’ आणि ‘ह्यूमन’मधलं ‘हार्वेस्ट’ ही जोडी झटकन उरका. दोन्हीकडे लोकसंगीताचा रंग. पहिल्यात तो पाहुणा आहे: जॉन टू-हॉक्सची बासरी आणि शेवटचं लाकोटा भाषेतलं बोलणं. दुसऱ्यात ट्रॉय घरचाच आहे. एवढं टिपलं की पुरे.

दुसऱ्या सीडीचं काय करायचं? ‘ह्यूमन’सोबत अर्ध्या तासाची, आठ भागांची, निव्वळ ऑर्केस्ट्राची रचना येते. गिटार नाही, ड्रमसेट नाही. पुष्कळांनी ती एकदा लावून सोडून दिली. तिला मेटल म्हणून तोलू नका, ते तिच्यावर आणि तुमच्यावर दोघांवर अन्याय. तिला एकाच गोष्टीशी ताडा: ‘घोस्ट लव्ह स्कोअर’चा मधला ऑर्केस्ट्राचा तुकडा. तो तुकडा कुठे तरी निघालेला आहे, त्याला गिटारपर्यंत पोचायचंय. दुसऱ्या सीडीतल्या ‘मूर्स’ला किंवा ‘ऑरोरी’ला कुठेच जायचं नाही, ते देखावा दाखवतात. निसर्गचित्रपटाचं पार्श्वसंगीत म्हणून मला ते आवडतं, शेवटच्या ‘अॅड अॅस्ट्रा’त खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनच्या ‘पेल ब्लू डॉट’मधला उतारा वाचला जातो तेव्हा तर फारच. पण नाटकाचा माणूस म्हणून सांगतो, मला प्रवेश-निर्गमन हवं असतं. अल्बम १० एप्रिल २०२० ला आला, आपल्याकडे टाळेबंदी, नाट्यगृहांना कुलूप. ही सीडी तेव्हा मी गच्चीवर भरपूर ऐकली. त्या दिवसांत तिचं नुसतं असणं पुरत होतं. म्हणून माझं तिच्याबद्दलचं मत थोडं वजा करून घ्या. तुम्हीही एखादा अल्बम कुठल्या दिवसांत ऐकला ते रकान्याच्या वर लिहून ठेवा. ‘वन्स’ हॉस्टेलवर ऐकलेल्यांनी तर ठेवाच.

शब्द वेगळे वाचा, गाणं बंद करून. जुना तुओमास स्वतःच्या दुःखात, समुद्रात, हरवलेल्या बालपणात रमतो. २०१५ च्या ‘एंडलेस फॉर्म्स मोस्ट ब्यूटिफुल’पासून तो डार्विनकडे वळला, जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्सला निवेदनाला बोलावलं, आणि ‘मी’ची जागा ‘माणूस’ने घेतली. मला यात मिळालेलं आणि हरवलेलं दोन्ही सापडतं. ‘नॉइज’मधला मोबाइलवरचा संताप मात्र जरा शाळेतल्या भाषणासारखा आहे.

रकाने भरून झाले की निकाल एका ओळीत लिहायचा मोह टाळा. ‘काय गेलं’ आणि ‘काय आलं’ अशी दोन टिपणं करा आणि प्रत्येक मुद्द्यापुढे गाणं आणि वेळ द्या. ज्यापुढे वेळ देता येत नाही तो मुद्दा खोडा. माझ्या कागदावर गेलेल्यात रिफ, दोन गळ्यांची झटापट आणि गिटारचं परत येणं आहे. आलेल्यात ‘शूमेकर’चा शेवट, तीन गळ्यांचा एकजीव सूर आणि काई हाहतोचे ड्रम. चौथ्या रकान्यावर मी इथे काहीच लिहिलं नाही, पण ‘ट्रायबल’ ऐका म्हणजे कळेल.

हे जमलं की २०२४ च्या ‘यस्टरविंड’कडे जा. सुरुवात ‘परफ्यूम ऑफ द टाइमलेस’पासून करा, आठ मिनिटांचं आहे, आणि त्याच्यासमोर ‘घोस्ट लव्ह स्कोअर’च लावा, लेव्हल जुळवून. पहिल्या खेपेला गिटारचा रकाना.